तिसऱ्या तासाला गणित

आमच्या मोठ्या बाईंना गणित येत नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, तेही फळ्यासमोर उभं राहून, हातात खडू धरून, पहिल्याच दिवशी. त्याच बाईंनी आम्हाला दोन वर्षं गणित शिकवलं. आणि त्यांच्यामुळे पुढे एकतीस वर्षं मी गणितच शिकवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातली एखादी कुणी खोटी म्हणालं, तर मी आजही भांडायला तयार आहे.

शाळा नागपुरात, सदर भागातल्या एका गल्लीत होती, फक्त मुलींची, आणि बाई तिच्या मुख्याध्यापिका. शिक्षण संस्कृतातलं. उंची जेमतेम पाच फूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि फिरायला सायकल. कॅरिअरला फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास सुतळीनं बांधलेला असायचा. घरी अंगणातल्या भिंतीवर त्या वर्तुळं काढायचा सराव करायच्या, म्हणून कंपास रोज त्यांच्याबरोबर जायचा आणि यायचा. सीताबर्डीच्या बाजारातून सायकल निघाली की त्याचं टोक कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत अडके आणि भांडण जुंपे. बाई खाली उतरत आणि त्या माणसालाच विचारत, "घरी मुलगी आहे का? कितवीत? गणितात किती मार्क?" भांडायला आलेला माणूस गोंधळून मार्क सांगायचा आणि भांडण तिथेच संपायचं.

त्यांचं लग्न झालं होतं की नाही, याबद्दल शाळेत चार कथा होत्या. चारही मुलींनीच रचलेल्या. बाईंच्या कानावर त्या गेल्या तेव्हा त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "तिसरी कथा कुणाची? त्यात मी फार देखणी आहे. ती राहू द्या."

वर्गात त्या अगदी शुद्ध, घासूनपुसून बोलत. पण एखादं उदाहरण सुटलं की आतलं नागपूर उसळून बाहेर यायचं. "आलं वं पोट्टे हो, आलं! पाहा न, कसं आलं!" आणि मग जे व्हायचं त्याची आम्ही वाटच बघत असू. बाई खडू टाकून तडक व्हरांड्यात जात आणि शिपायाच्या हातातली हातोडी घेऊन घंटा बडवत. सगळ्या शाळेला वाटे, सुट्टी झाली. पाचवीच्या मुली तर दप्तरं घेऊन फाटकापर्यंत पोचायच्या. शिवणाच्या बाई दारात येऊन कपाळाला हात लावायच्या. शिपाई बिचारा, "काय जी मोठ्या बाई, आज पुन्हा सुटलं काय?" एवढंच विचारायचा.

हा उद्योग त्यांनी अंगावर का घेतला, ते सांगते.

संस्थेचा नियम होता की मुलींच्या शाळेत शिकवायला बाईच हवी. खात्याचा नियम होता की वरच्या वर्गांना गणित शिकवायला बी. एस्सी., बी. एड. हवी. दोन्ही नियम आपापल्या जागी सरळ. पण दोन्हींत बसणारी बाई शोधून सापडेना. तीनदा जाहिरात दिली. पहिल्या वेळी दोन अर्ज आले, दोन्ही पुरुषांचे. त्यातल्या एकाने लिहिलं होतं की हवं तर धाकट्या बहिणीला रोज सोबत आणून वर्गात बसवीन. दुसऱ्या वेळी एक बाई खरोखरच मिळाल्या, सगळं ठरलं, आणि जूनमध्ये लग्न होऊन त्या जबलपूरला गेल्या. तिसऱ्या वेळी चिटपाखरू फिरकलं नाही. तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरींनी तोडगा काढला की गणिताचे तास शिवणाला द्यावेत. त्या काळी मुलींना मॅट्रिकला गणिताऐवजी गृहशास्त्र घेता यायचं, त्यामुळे कुणाचं काही अडणार नव्हतं.

मोठ्या बाईंचं अडलं. सेक्रेटरींसमोर टेबलावर हात आपटून त्या म्हणाल्या, "शिवण शिकलेली पोट्टी पुढं शिवणच शिकवीन न जी! मंग गणिताची बाई येईन कुठून? आभाळातून? आज तास बंद केला तर वीस वर्षांनीबी तुम्ही हीच जाहिरात देऊन राहाल!"

आणि वेळापत्रकात गणितापुढे जी जागा रिकामी होती, तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहून टाकलं.

आता नाव लिहिणं सोपं. शिकवायचं काय? बाईंच्या शेजारी एक निवृत्त ओव्हरसियर राहायचे. जन्मभर पूल आणि रस्ते मोजलेला माणूस. दर रविवारी सकाळी बाई वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत आणि आठवड्याचं गणित शिकून येत. सोमवारी तेच आम्हाला. आमच्यापेक्षा त्या बरोबर सहा दिवस पुढे असत. कधी एखाद्या हुशार मुलीने पुढचा प्रश्न विचारला की अजिबात न लाजता म्हणत, "ते अजून मला आलेलं नाही. रविवारनंतर विचार." मला वाटतं, त्यांच्या वर्गात कुणीच गणिताला घाबरलं नाही, त्याचं कारण हे होतं. समोरची बाईच न घाबरता अडत होती.

आम्ही अकरावीत असताना शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. भला माणूस होता. वेळापत्रक पाहिलं, बाईंची पदवी पाहिली आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळते. पण नियमात 'पात्र शिक्षिका' असं लिहिलं आहे."

"आहे न. मी कुठं नाही म्हणते?" बाई म्हणाल्या. "पण साहेब, भाजी बाजारात मिळाली नाही तर परसात लावा लागते का नाही? मी परसात लावून राहिली. मॅट्रिक, मग कॉलेजची चार वर्षं, मग बी. एड. मले पाच वर्षं द्या."

साहेब हसले आणि त्यांनी वर्षाची सवलत लिहून दिली. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आले की पहिला प्रश्न, "काय बाई, रोप कुठवर आलं?"

ते रोप म्हणजे आम्ही. बाईंच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रकाचा पुठ्ठा टांगलेला असे. त्याच्या मागच्या बाजूला पाच मुलींची नावं त्यांनी लाल पेन्सिलीने लिहून ठेवली होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. एकदा भिंत रंगवताना शिपायाने पुठ्ठा उलटा ठेवला तेव्हा कळलं. त्यात माझं नाव तिसरं होतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कायची यादी आहे? दंड-बिंड भरा लागतो काय?"

आता त्या उन्हाची गोष्ट. ही सांगताना मला अजूनही बसवत नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेला नऊ दिवस उरले होते. आम्हाला अभ्यासाची सुट्टी लागली होती. बाई मात्र सवयीने रविवारी ओव्हरसियरांच्या ओट्यावर गेल्या, आम्हाला काय काय शिकवलं ते त्यांना दाखवायला. त्यांनी वही चाळली. एका पानावर लिहिलं होतं, क्षचा वर्ग बरोबर एकोणपन्नास, म्हणून क्ष बरोबर सात.

"आणि उणे सात कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"कोण उणे सात?" बाई म्हणाल्या.

उणे साताला उणे साताने गुणलं तरी एकोणपन्नासच येतात, हे ओव्हरसियरांनी करून दाखवलं. म्हणजे उत्तरं दोन. आणि बाईंनी वर्षभर आम्हा एकोणीस मुलींना एकच शिकवलं होतं! समोर ठेवलेला चहा तसाच टाकून त्या उठल्या आणि सायकलवर बसल्या. मार्च संपत आलेला, नागपूरचं ऊन, आणि एकोणीस घरं: महाल, धंतोली, पाचपावली, जरीपटका. दोन दिवस त्या घरोघर फिरल्या.

आमचं घर इंदोऱ्यात होतं. बाबा गिरणीत होते, रात्रपाळी करून आलेले, झोपले होते. भर बाराच्या सुमाराला सायकलची घंटा वाजली आणि पाठोपाठ आरोळी आली, "दुसरं उत्तर राहिलं! पोट्टे, दुसरं उत्तर राहिलं!" बाबा दचकून उठले. दारात मुख्याध्यापिका, चेहरा लालबुंद, केस सुटलेले. बाबांना वाटलं, माझं नाव शाळेतून काढलं. हात जोडून म्हणाले, "पोरीनं काय केलं जी, बाई?"

"पोरीनं नाही. मी केलं," बाई म्हणाल्या. "वर्षभर तुमच्या पोरीले अर्धं उत्तर शिकवलं. माझी चूक आहे. माफ करजा."

आणि तिथेच, आमच्या दारातल्या फरशीवर उकिडवं बसून त्यांनी खडूने ते उदाहरण सोडवलं. मला तीनदा करायला लावलं. आईने पाणी आणलं ते उभ्याउभ्या प्यायल्या. "अजून सात घरं आहेत वं माय," म्हणून निघूनही गेल्या. सायकल वळेपर्यंत बाबा दारात उभे होते.

परीक्षेत तो प्रश्न आला का? आला! दोन मार्कांचा. एकोणीसच्या एकोणीस मुली दोन्ही उत्तरं लिहून आल्या. निकाल लागला त्या दिवशी शाळेची घंटा इतकी वाजली की शेजारच्या बेकरीतला माणूस काय पेटलं ते बघायला धावत आला.

पण माझ्या आयुष्याचं जे व्हायचं ते त्या फरशीवरच झालं. मला कॉलेजात घालायचं म्हटल्यावर आमच्या नातलगांनी बाबांना खूप समजावलं. मुलांच्या कॉलेजात, सायन्सला, मुलगी? बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं, "सायब लोकाईची चूक आजपर्यंत मीच भरत आलो. ह्या बाईनं आपली चूक सांगाले उन्हात सायकल मारली. तिच्या शब्दावर पोरगी कॉलेजात जाईन."

आणि मी गेले. वर्गात सत्तर मुलगे आणि आम्ही तिघी. पहिलं वर्ष तर मी मान वर करून फळाही धड पाहिला नाही. पण दर महिन्याला बाईंचं एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर ख्यालीखुशाली नसायचीच, फक्त एक अडलेलं उदाहरण आणि खाली, "हे मला येत नाही. सोडवून पाठव." मी सोडवून पाठवायचे. नंतर मला शंका यायला लागली की यातली अर्धी उदाहरणं बाईंना येत असावीत.

यादीतली बाकीची नावं एकेक करून गळत गेली. पहिलीचं मॅट्रिक होताच लग्न झालं. दुसरी नर्सिंगला गेली. चौथी बी. एस्सी. नापास झाली आणि घरच्यांनी पुन्हा बसू दिलं नाही. पाचवीला मुंबईत बँकेत नोकरी लागली. बाई कुणावरही रागावल्या नाहीत. पहिलीच्या लग्नात तर त्या आहेर म्हणून बीजगणिताचं पुस्तक घेऊन गेल्या आणि नवऱ्यामुलाच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे तिचं आहे. सांभाळून ठेवजा." यादीतलं नाव त्या खोडत नसत. नावापुढे 'नंतर' असं लिहीत. चार नावांपुढे चार 'नंतर' लागले. माझ्या नावापुढची जागा तेवढी कोरी राहिली.

मी बी. एड. करत होते त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. ते भले साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांचं पत्र आलं की येत्या जूनमध्ये पात्र शिक्षिका रुजू झाली नाही, तर शाळेतलं गणित बंद. आणि त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. मुलगा कोराडीला, नव्या वीज केंद्रात. माणूस चांगला होता. पण त्याच्या आईने बैठकीतच सांगून टाकलं होतं, "शिकली ते चांगलंच आहे. पण कोराडीहून रोज नागपूर? घरचं कोण पाहीन? नोकरीचं काही नाही जमाचं."

मी काहीच बोलले नाही. आजही त्याची मला लाज वाटते. पाच वर्षं पोस्टकार्डांवर गणितं सोडवली आणि ऐन वेळी तोंडात शब्द नाही. मी रडत रडत बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "साक्षगंध कधी आहे?"

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी आमच्या दारात मांडव होता, पाहुणे बसले होते, साखर वाटून झाली होती. आणि सायकल आली. कंपास कॅरिअरला बांधलेलाच! बाईंनी कॅनव्हासचे बूट दारात काढले, सरळ माझ्या होणाऱ्या सासूबाईंसमोर सतरंजीवर जाऊन बसल्या आणि पिशवीतून वही काढली.

"मी तीन दिवस सकाळी कोराडीच्या स्टॉपवर उभी होती," त्यांनी सुरुवात केली. "सव्वासातची गाडी तुमच्या कामाची नाही, तेव्हा घरात डबे होऊन राहतात. त्यानंतरची साडेनऊची. ती निघते दहाले. समोर कोळशाचे ट्रक लागले तर सदरले पोचाले पावणेबारा. आमची शाळा साडेदहाची. म्हणजे पहिला तास हिच्यानं होत नाही. दुसरा हुकू शकते. म्हणून मी गणित तिसऱ्या तासाले टाकलं."

हे ऐकून मी उडालेच. आमच्या शाळेत गणित कायम पहिल्या तासाला असायचं. ताज्या डोक्याला गणित, हा बाईंचा हट्ट होता आणि त्यावरून त्या कुणाशीही भांडत. तो हट्ट सोडून, पाचवीपासून अकरावीपर्यंत सगळ्या शाळेचं वेळापत्रक त्यांनी मोडून पुन्हा मांडलं होतं. एका सुनेच्या बससाठी.

सासूबाईंनी वहीत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आन संध्याकाळी?"

"सव्वापाचची गाडी. सहा-सव्वासहाले घरी. तोवर कणीक भिजवून ठेवाले तुमच्या मुलाले येते काय?"

मांडवात हशा पिकला. आणि तेवढ्यात ज्याला कुणी काही विचारत नव्हतं तो मुलगा मान खाली घालूनच बोलला, "येते जी. मेस बंद असली का मीच करतो."

सासूबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. पण हसू त्यांच्याही ओठांवर आलं होतं. त्या बाईंना म्हणाल्या, "एका मास्तरणीसाठी एवढं करून राहिल्या तुम्ही?"

बाईंनी वही मिटली. नेहमी तडतड बोलणाऱ्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा थांबत थांबत बोलल्या. "पाच रोपं लावली होती जी. चार दुसरीकडे गेली. ही एकच उरली. हिनं नाही म्हटलं तर माझ्या शाळेत पोरींचं गणित जूनमध्ये बंद होते."

सासूबाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "आधी बाईले जेवाले वाढा. उन्हाच्या आल्या आहेत." आणि माझ्या शेजारून जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळची भाजी मी चिरून देत जाईन."

मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडले ती रडले. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

लग्न झालं आणि जूनमध्ये मी रुजू झाले. पहिल्या दिवशी बस कोळशाच्या ट्रकांमागे अडकलीच. सदरला उतरून मी धावत गल्लीत शिरले तेव्हा दुसरा तास संपल्याची घंटा होत होती. बाईंनी मांडलेलं वेळापत्रक मिनिटावर बरोबर आलं होतं. साडीवर कोराडीची राख, कपाळावर घाम, आणि मी दहावीच्या वर्गात. चौतीस मुली उभ्या राहिल्या. शेवटच्या बाकावर त्यांच्याबरोबर आणखी एक जण उभी राहिली, पाच फुटांची, मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात जुनी वही. शिपाई दारातून सांगून गेला, "मोठ्या बाई म्हणे आजपासून अथीच बसतील. सुरुवातीपासून शिकाचं आहे म्हणते."

खडू फळ्याला लागला आणि मी सुरू झाले. इतकी रंगले की घामबिम, राखबिख, सगळं विसरले. समीकरण म्हणजे काय, बाजू कशा बदलायच्या, वर्गमूळ कसं काढायचं. मुली माना डोलावत होत्या. मी फळ्यावर लिहिलं, क्षचा वर्ग बरोबर एकोणपन्नास. खाली झोकात लिहिलं, क्ष बरोबर सात. खडू झटकला आणि वळले.

शेवटच्या बाकावरचा हात वर होता.

मी मान हलवली. त्या मुलींसारख्याच बाक सरकवून उभ्या राहिल्या, वही छातीशी धरून. सात वर्षं ज्यांच्या तोंडून मी फक्त 'पोट्टे' ऐकत आले होते, त्या अगदी हळू, अगदी नीट म्हणाल्या,

"बाई, दुसरं उत्तर राहिलं."

मी फळ्याकडे वळले, कारण मुलींना माझे डोळे दिसायला नको होते. सातच्या खाली मोठ्या अक्षरात उणे सात लिहिलं. पुन्हा वळून पाहिलं, तर मोठ्या बाई बसून, मान खाली घालून ते वहीत उतरवून घेत होत्या.